पुण्यासारख्या हवेत डॅफोडिल लावायचेत? आधी कंद कोणता ते बघा, मग तारीख ठरवा

श्रीनगरच्या ट्युलिप गार्डनमध्ये ट्युलिपबरोबर डॅफोडिलचेही वाफे असतात. सगळेजण ट्युलिपपाशी फोटो काढत होते आणि मी मात्र त्या पिवळ्या फुलांसमोरून हलेना. घरी आल्या आल्या ठरवलं की हे आपल्या गॅलरीत लावायचंच. त्या वर्षी नोव्हेंबरमध्ये ऑनलाइन दहा मोठे कंद मागवले, चांगली माती केली, लावले, आणि जानेवारीपर्यंत कांद्याच्या पातीसारखी हिरवीगार जाड पानं आली. फूल एकही नाही. एकाला कळी दिसली तीही पापुद्र्यातच वाळून गेली. खूप वाईट वाटलं होतं तेव्हा. नंतर त्यातला एक कंद उभा चिरून बघितला तर आत कळीचा एवढासा वाळका अवशेष होता, म्हणजे फूल कंदात होतंच, ते बाहेर आलं नाही.

हे समजलं की बाकीचं सगळं सोपं होतं, म्हणून आधी तेच सांगते. डॅफोडिलचं फूल कंदाच्या आत आदल्या उन्हाळ्यातच तयार झालेलं असतं, आपण विकत घेतो तेव्हा ते आत असतंच. पण नेहमीचं जे मोठं पिवळं, पुढे कर्ण्यासारखा भाग असलेलं डॅफोडिल आहे (डच मास्टर, कार्ल्टन, किंग आल्फ्रेड टाइप वगैरे नावांनी विकतात ते) त्याचा दांडा लांब होऊन फूल वर यायला कंदाला साधारण १२ ते १६ आठवडे सलग थंडी लागते, थंडी म्हणजे ९ अंशाच्या खाली. आपल्याकडे पुण्यात डिसेंबर-जानेवारीत रात्री ११-१२ पर्यंत खाली येतं, अधूनमधून १० च्याही खाली जातं, पण दुपारी परत २९-३० असतंच ना, त्यामुळे कंदाच्या हिशोबाने ती थंडी धरलीच जात नाही. माझे दहा कंद असे गेले, लावण्यात काही चूक नव्हती, चूक खरेदीत होती.

आता डॅफोडिलच्याच कुळात दुसरा एक गट आहे, टॅझेटा. एका दांड्यावर एकच मोठं फूल नसतं, लहान लहान फुलांचा झुपका असतो, आणि वास भरपूर. हे मूळचे भूमध्य समुद्राच्या आसपासचे, तिथे उन्हाळा कडक आणि कोरडा असतो आणि पाऊस हिवाळ्यात पडतो. ह्यांना उलट उन्हाळ्यात २५-३० अंशाची ऊब मिळाली तर आत कळी चांगली धरते आणि नंतर थंडीचा कोर्स लागत नाही. उबदार हवेत राहणाऱ्यांसाठी हेच खरे डॅफोडिल. आपण ज्याला नर्गिस म्हणतो ते हेच, काश्मिरीत त्याला यंबरझल म्हणतात.

तर खरेदी करताना ही नावं शोधा. पेपरव्हाइट, त्यातही 'झिवा' ही जात, पांढरीशुभ्र, इस्राएलमध्ये तयार झालेली, लावल्यापासून ४-५ आठवड्यात फूल. 'ग्रँड सोलेल दोर', पिवळ्या पाकळ्या आणि मधे नारिंगी वाटी, वास फार छान, पण हिला वेळ जवळजवळ दुप्पट लागतो. 'चायनीज सेक्रेड लिली' हेही टॅझेटाच, चिनी लोक नववर्षाला नुसत्या पाण्यात लावून फुलवतात ते. पहिल्यांदाच लावणार असाल तर झिवाच घ्या, माझं स्पष्ट मत आहे, कारण पहिल्या वर्षी फूल दिसलं की माणूस पुढच्या वर्षी लावतो, नाहीतर नाद सुटतो. फक्त एक सांगून ठेवते, पेपरव्हाइटचा वास काहींना अजिबात सहन होत नाही, बंद खोलीत तर डोकं उठतं त्यांचं, घरात कोणाला वासाचा त्रास असेल तर सोलेल दोर बघा किंवा कुंडी गॅलरीतच ठेवा.

नावावर जाऊन फसू नका हेही महत्त्वाचं. 'पेरुव्हियन डॅफोडिल' म्हणून जे मिळतं ते स्पायडर लिलीच्या जवळचं वेगळंच झाड आहे. आणि एप्रिल-मेमध्ये काश्मीरहून येताना कंद घेऊ नका, फुलांनंतर पानांमधून कंदात अन्न भरायचं काम तेव्हा चालू असतं, अर्धवट भरलेला कंद काढला तर त्यात काही नसतं. सुप्तावस्थेतले, वरची पानं पूर्ण वाळून गेलेले कंद सप्टेंबर ते नोव्हेंबरमध्ये विकायला येतात तेव्हाच घ्यायचे.

कंद बघायचा कसा तर कांदा बघतो तसाच. हाताला घट्ट लागला पाहिजे, आकाराच्या मानाने जड पाहिजे, बुडाशी अंगठ्याने दाबलं तर मऊ लागता कामा नये. वरचं तपकिरी साल निघालेलं असलं तरी चालतं, थोडी निळी बुरशी सालावर असली तर पुसून टाका, पण बूड मऊ आणि तपकिरी असेल तर तो कंद परत करा, त्याला बुडकुज झालीये (फ्युजेरियम नावाच्या बुरशीने होते) आणि ती आपल्या गरम मातीत फार वेगाने वाढते, शेजारच्या कंदांनाही लागते. साइझ कंदाच्या घेराच्या सेंटिमीटरमध्ये लिहिलेला असतो, १२/१४, १४/१६ असा. पेपरव्हाइट १४ च्या वरचेच घ्या, मोठ्या कंदातून दोन-तीन दांडे येतात, लहान कंद स्वस्त मिळतो पण फूल एखादंच.

आता तारीख. बरेचजण दिवाळी झाली की लावा म्हणतात पण दिवाळी कधी ऑक्टोबरच्या मध्यात येते कधी नोव्हेंबरच्या, त्यामुळे तो हिशोब धरू नका. ऑक्टोबर हीट पूर्ण गेली पाहिजे. माझी खूण अशी आहे की रात्री पंखा बंद करून पांघरूण घ्यावंसं वाटायला लागलं की त्या आठवड्यात लावायचं. पुण्यात-नाशकात हे साधारण नोव्हेंबरच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात होतं, नागपूरकडेही तसंच. निफाडच्या बाजूला राहणारे तर नशीबवान, महाराष्ट्रातली सगळ्यात कमी तापमानं बऱ्याचदा तिकडेच नोंदली जातात. शेवटची तारीख मात्र पक्की आहे, फूल फेब्रुवारीच्या मध्याआधी येऊन गेलं पाहिजे, कारण नंतर दुपारचं ऊन ३२-३३ च्या वर जायला लागतं आणि कळी उमलायच्या आधीच पापुद्र्यात वाळते. तिथून मागे मोजा. झिवा १५ नोव्हेंबरला लावलं तर नाताळच्या आसपास फूल, १० डिसेंबरला लावलं तर संक्रांतीच्या आसपास. सोलेल दोर नोव्हेंबर संपायच्या आत लावून टाका, त्याला उशीर करून चालत नाही. मी झिवाचे कंद तीन टप्प्यात लावते, दहा-बारा दिवसांच्या अंतराने, म्हणजे महिनाभर काही ना काही फुललेलं असतं. लावायचे राहिलेले कंद फ्रिजमध्ये ठेवायचे नाहीत हां, टॅझेटाला गारवा नकोय, जाळीच्या पिशवीत सावलीत हवेशीर टांगून ठेवायचे.

मुंबई, कोकण, गोवा इथल्यांसाठी वेगळं सांगते. तिथे जानेवारीतही रात्री १७ ते २० च्या खाली फारसं जात नाही आणि हवा दमट, त्यामुळे कर्णेवाल्या मोठ्या डॅफोडिलच्या मागे लागूच नका. फक्त पेपरव्हाइट, तेही डिसेंबर अखेर ते जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात, आणि घरातल्या सगळ्यात गार खिडकीत. पाण्यातली पद्धत त्यांच्यासाठी चांगली, ती खाली लिहिलीये.

मातीचं बघू. आपली काळी माती डॅफोडिलला चालत नाही, ती पाणी धरून ठेवते आणि कंद आतून कुजतो. मी घेते ते असं, दोन भाग पोयटा किंवा नर्सरीतली लाल माती, एक भाग जाड वाळू (बांधकामाची चाळून, धुऊन), एक भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), आणि एक भाग जुनं पूर्ण कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत. ताजं शेणखत बिलकुल नाही. युरियासारखं नत्राचं खतही नाही, त्याने पात लांबच लांब वाढते आणि कंद मऊ पडतो. मूठभर बोनमील (हाडांचा चुरा) घातलं तर चालेल, पण एका हंगामापुरते लावणार असाल तर त्याचीही गरज नाही कारण फुलाला लागणारं अन्न कंदातच आहे. मातीत ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला रोखणारी उपयोगी बुरशी) मिसळा पाकिटावरच्या प्रमाणात, बुडकुजीसाठी ह्याचा मला उपयोग झालाय.

कुंडी मातीची घ्या. आपला माठ जसा पाझरून गार राहतो तशीच मातीची कुंडी आतली माती गार ठेवते, काळी प्लॅस्टिकची कुंडी उन्हात तापून आतल्या मुळांना चटका देते, दोन्ही शेजारी ठेवून दुपारी हात लावून बघा फरक कळेल. ८ इंची कुंडीत पेपरव्हाइटचे ५ कंद बसतात, एकमेकांना चिकटू द्यायचे नाहीत पण फार लांबही नको, दाटीने लावले की फुललेलं चांगलं दिसतं आणि दांडे एकमेकांना धरून राहतात. तळाच्या भोकावर खापर, त्यावर माती, कंद बूड खाली आणि टोक वर, मग कडेने माती भरायची आणि टोक जरासं बाहेर दिसेल इतपतच. जमिनीत लावत असाल तर मात्र कंदाच्या उंचीच्या दोन-तीन पट खोल, म्हणजे ५ सेंमीचा कंद असेल तर बुडाशी १२-१५ सेंमी खोल खड्डा, खोल माती गार असते हा फायदा. वरून वाळलेली पानं किंवा नारळाचा भुसा पसरा.

कंद हाताळताना हातमोजे घाला. ह्याच्या चिकात बारीक स्फटिक असतात आणि त्वचेला खाज सुटते, फुलशेतीत काम करणाऱ्यांना तर पुरळ उठतं त्याचं वेगळं नावच आहे, डॅफोडिल इच. आणि हा कंद विषारी आहे, दिसतो मात्र हुबेहूब कांद्यासारखा. इंग्लंडमध्ये २०१५ साली सरकारी आरोग्य खात्याने सुपरमार्केटना पत्र लिहून सांगितलं होतं की डॅफोडिल भाजीपाल्याच्या जवळ ठेवू नका, कारण लोकांनी चुकून खाल्ल्याचे प्रकार झाले होते. आपल्या घरी तर स्वयंपाकाला दुसरं कोणी मदतीला येतं, सासूबाई असतात, मुलं असतात, म्हणून पिशवीवर मोठ्या अक्षरात मराठीत लिहा, खायचे नाहीत, आणि कांद्या-बटाट्याच्या टोपलीजवळ ठेवूच नका. कुत्रं-मांजर असेल तर कुंडी उंचावर.

लावल्यावर एकदा भरपूर पाणी, खालून निघेपर्यंत. मग आठवडाभर कुंडी सावलीत गार जागी, मी बाथरूमच्या बाहेरच्या पॅसेजमध्ये ठेवते. मुळं धरतात तेवढ्यात. कोंब दोन बोटं वर आला की पूर्वेच्या गॅलरीत, सकाळी दहा-अकरापर्यंतचं ऊन पुरे. पश्चिमेची गॅलरी असेल तर दुपारी ग्रीन नेट किंवा आतल्या बाजूला सरकवा. ऊन फारच कमी मिळालं तर पात लुळी पडते, ते पण बघा. पाणी रोज नाही, बोट पेरभर मातीत घालून कोरडं लागलं तरच. फरशी तापत असेल तर कुंडीखाली दोन विटा ठेवा. पेपरव्हाइट उंच होऊन आडवे पडतात, म्हणून कळी दिसायला लागली की तीन बारीक काड्या खोचून सुतळीने सैल बांधून घ्या, पडल्यावर बांधले तर दांडे वाकडेच राहतात.

पाण्यातली पद्धत अशी. पसरट काचेचं किंवा चिनी मातीचं भांडं, त्यात धुतलेले गोटे, त्यावर कंद दाटीने बसवायचे, आणि पाणी फक्त बुडाला टेकेल न टेकेल इतकंच. कंद पाण्यात बुडाला तर कुजला म्हणून समजा. पहिले दहा-पंधरा दिवस अंधाऱ्या गार कोपऱ्यात, मुळं आली की उजेडात. ह्यात पानं-दांडे फार उंच होतात त्यावर अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात एक उपाय शोधलाय, कोंब एक-दोन इंच झाला की साधं पाणी काढून ४ ते ६ टक्के अल्कोहोल असलेलं पाणी घालायचं. ४० टक्क्यांची जिन किंवा व्होडका असेल तर एक भाग ती आणि सात भाग पाणी. उंची एक तृतीयांश ते निम्म्याने कमी होते, फूल मात्र तेवढंच मोठं. बिअर-वाइन नको, त्यातली साखर मुळांना वाईट. मी हे केलंय आणि खरंच उपयोग होतो. पण पाण्यात वाढवलेला कंद पूर्ण रिकामा होतो, पुढच्या वर्षी त्यातून काही येत नाही.

आता ज्यांना तेच मोठं पिवळं कर्णेवालं हवंय त्यांच्यासाठी, कारण मलाही तेच हवं होतं. फ्रिज लागेल, आणि सप्टेंबरच लागेल. १५ सप्टेंबरला कंद फ्रिजमध्ये गेला तर १४ आठवडे २२ डिसेंबरला पूर्ण होतात, मग लावून पुढे सहा-आठ आठवडे, म्हणजे फेब्रुवारीचा पहिला पंधरवडा, अगदी काठावर. अडचण अशी की बाहेरून येणारे कंद आपल्या हातात पडेपर्यंत बऱ्याचदा ऑक्टोबर उजाडतो. अशा वेळी कंद फ्रिजमध्ये कोरडे न ठेवता कुंडीत लावून ती कुंडीच फ्रिजमध्ये ठेवायची, ४-५ इंची छोट्या कुंडीत ओलसर कोकोपीट-मातीत, भोकं पाडलेल्या पिशवीत घालून. डॅफोडिलला थंडीत मुळं फुटलेली फार आवडतात, त्यामुळे १२ आठवड्यांनी कुंडी बाहेर काढली की तीन-चार आठवड्यात फूल मिळू शकतं, तेव्हा १५ ऑक्टोबरला ठेवलं तरी फेब्रुवारीच्या सुरुवातीचा हिशोब बसतो. त्यासाठी जात छोटी घ्या, 'तेत-आ-तेत' म्हणून आहे, वीतभर उंचीची, एका छोट्या कुंडीत तीन कंद राहतात. प्री-चिल्ड (आधीच थंडीत ठेवलेले) म्हणून विकत असतील तर किती आठवडे थंडीत होते ते विचारल्याशिवाय पैसे देऊ नका, आणि आल्या आल्या लावा, मधे आठवडाभर गरम खोलीत पडून राहिले की केलेलं वाया.

फ्रिजमधली सगळ्यात मोठी चूक म्हणजे फळं. पिकणारी फळं इथिलीन वायू सोडतात आणि त्याने आतली कळी मरते. नेमका सप्टेंबर-ऑक्टोबर म्हणजे सीताफळ, पेरू, सफरचंदांचे दिवस. तीन-चार महिने फळं बाहेर ठेवायची घरच्यांची तयारी आहे का ते आधी विचारा, नाहीतर कोणाकडे जुना जास्तीचा फ्रिज पडून असेल तर तो बघा, नुसती डबल पिशवी करून भागत नाही. कोरडे कंद ठेवणार असाल तर कागदी पिशवीत, प्लॅस्टिकमध्ये घाम सुटतो. मागच्या भिंतीला चिकटून ठेवायचे नाहीत, तिथे बर्फ धरतो, गोठलेला कंद गेलाच. दर पंधरा दिवसांनी कुंडीतली ओल बघा, चमचाभर पाणी पुरतं.

ह्या पद्धतीने मला गेल्या वर्षी नऊ कंदांपैकी सहा फुलं मिळाली. पहिलं उमललं त्या दिवशी सकाळी चहा तसाच राहिला होता हातात.

फूल आल्यावर दुपारी कुंडी घरात सावलीत, रात्री बाहेर गारव्यात, असं केलं तर सात-आठ दिवस ताजं राहतं. कापून फुलदाणीत ठेवायचं असेल तर पहिला दिवस वेगळ्या पाण्यात ठेवा, ह्याच्या देठातून जो चीक येतो त्याने शेजारचे गुलाब लगेच मान टाकतात.

फुलं सुकली की फक्त सुकलेलं फूल खुडा, पात कापू नका आणि वेणी घालून बांधूही नका, पुढच्या वर्षीचं अन्न तीच करते. कर्णेवाल्या जातीचं मी दुसऱ्या वर्षासाठी काही करत नाही, आपल्याकडे ती एकाच हंगामाची धरायची, पुन्हा तेवढं भरत नाहीत ते कंद. टॅझेटाचं मात्र करून बघण्यासारखं आहे. पात आपोआप पिवळी पडेपर्यंत, म्हणजे मार्च-अखेरपर्यंत, पाणी चालू ठेवा, मग बंद. एप्रिल-मेचं ऊन त्यांना बाधत नाही, उलट हवंच असतं, इंग्लंडच्या सिली बेटांवर सोलेल दोरची शेती करणारे उन्हाळ्यात मुद्दाम शेतावर धूर करतात म्हणजे फुलं लवकर आणि जास्त येतात. आपला खरा शत्रू पाऊस आहे. ह्यांच्या मूळ गावी कंद झोपलेला असताना कोरडं असतं आणि आपल्याकडे नेमका तेव्हाच जून-जुलैचा पाऊस. म्हणून मेच्या शेवटच्या आठवड्यात वळवाचा पाऊस जोर धरायच्या आत कंद उपटून, माती झटकून, सावलीत चार दिवस सुकवून, जाळीच्या पिशवीत घरात उंच जागी टांगा. कपाटात बंद करू नका. श्रावणात एकदा काढून बघा, एखादा मऊ पडला असेल तर तेवढाच टाकून द्या. आणि घटस्थापनेच्या सुमाराला परत एकदा बघा, टोकाशी हिरवट कोंब डोकावत असेल तर घाबरून लगेच लावू नका, पांघरुणाची थंडी येईपर्यंत तो तसाच टांगलेला राहतो.